शेवटचा काळ, हजार वर्षं आणि अकरावीचा प्रवेश

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं माहेर नगरचं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतलं. सासर वसईचं, कॅथलिक. धाकटा भाऊ पिंपरीला राहतो आणि दोन वर्षांपासून एका स्वतंत्र प्रार्थनासभेला जातो. तिथं शिकवतात की रॅप्चर आता कधीही होईल, विश्वासणारे वर उचलले जातील आणि मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचं महासंकट येईल. भावाने विम्याचे हप्ते थांबवलेत. भाचीला दहावीला चांगले गुण आहेत, पण अकरावीच्या अर्जाचा विषय काढला की म्हणतो, 'आता दिवस किती उरलेत?' मिस्टर म्हणतात, आमच्याकडे असलं काही शिकवत नाहीत. आईला विचारलं तर म्हणते, 'प्रभू येणार एवढं खरं, बाकीचं मला कळत नाही.' बायबल एकच, मग उत्तरं तीन कशी? आणि खरं कोणतं?"

ताई, सलाम. मी एकतीस वर्षं पाळक होतो. त्यातली शेवटची बारा वर्षं नव्या पाळकांना पौलाची पत्रं आणि प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, शिकवण्यात गेली. तुमचा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी घेऊन यायचं, आणि बहुतेक वेळा त्यामागे तुमच्यासारखंच एखादं घर असायचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्या आईपासून करतो. 'प्रभू येणार एवढं खरं' हे त्यांचं उत्तर अडाणीपणाचं नाही. जवळजवळ सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचं एकमत जेवढ्यावर आहे, तेवढंच त्यांनी बोलून दाखवलं. चौथ्या शतकात ठरलेला नायसियाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, कॅथलिक म्हणतात, ऑर्थोडॉक्स म्हणतात, आपल्या सीएनआयमध्येही म्हणतात. त्यात शेवटच्या काळाविषयी मोजक्याच गोष्टी आहेत: ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, त्याच्या राज्याला अंत नसेल, मेलेले उठतील. सात वर्षं त्यात नाहीत, हजार वर्षं नाहीत, रॅप्चर नाही. तेव्हा मिस्टरांचं म्हणणंही अर्धंच बरोबर आहे. रॅप्चर त्यांच्याकडे शिकवत नाहीत, पण ख्रिस्त पुन्हा येईल ही घोषणा मिस्सामध्ये होते, आणि आगमनकाळाचे पहिले रविवार गव्हाणीकडे वळण्याआधी या दुसऱ्या येण्याकडेच बघतात.

मग मतभेद कुठे आहे? येण्याच्या क्रमात आहे. आधी काय, नंतर काय, आणि प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातली 'हजार वर्षं' म्हणजे नेमकी कोणती. त्याकडे वळण्याआधी मी स्वतः कुठून कुठे आलो ते सांगतो, म्हणजे माझा कल तुमच्यापासून लपणार नाही.

सेवेच्या पहिल्या वर्षांत मीही तुमच्या भावासारखंच शिकवायचो. पांढऱ्या मांजरपाटावर मी एक तक्ता रंगवला होता. डावीकडे एदेन बाग, उजवीकडे नवे यरुशलेम, मध्ये सात युगं, लाल रंगात महासंकट आणि त्याच्या अलीकडे वर जाणारा एक बाण. तो तक्ता गुंडाळून एसटीने गावोगाव न्यायचो. १९८८ च्या पावसाळ्यात शेवगाव तालुक्यातल्या एका घरी गेलो, कारण त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीत बुडून गेला होता. मूठमाती देऊन तीन दिवस झाले होते. संध्याकाळी प्रार्थनेला वीसेक माणसं जमली, आणि मी, मला दुसरं काही येत नव्हतं म्हणून, तक्ता भिंतीला लावून बोललो. बोलणं संपल्यावर त्या मुलाची आई चुलीजवळून उठून आली, बाणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पाळकसाहेब, प्रभू आला आन् आम्ही वर गेलो, तर माझं पोरगं मातीतच ऱ्हाईल का?"

मी काहीतरी उत्तर दिलं. ते बरोबर होतं, पण त्या बाईच्या उपयोगाचं नव्हतं. रात्री मुक्कामाला कंदिलाच्या उजेडात थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र उघडलं, चौथा अध्याय, तेरावी ओवी. रॅप्चरची सगळी शिकवण ज्या वचनांवर उभी आहे ती इथून सुरू होतात. आणि ती सुरू होतात तीच मुळी त्या आईच्या प्रश्नाने. थेस्सलनीकातल्या विश्वासणाऱ्यांना वाटत होतं, प्रभू आपल्या हयातीत येईल. मग मंडळीतली काही माणसं वारली. मागे उरलेले घाबरले: आपली मेलेली माणसं या आनंदाला मुकणार का? पौल त्यांना लिहितो, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर मेघांत घेतले जाऊ. या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. मी हा उतारा कितीतरी वेळा वाचला होता. तो पोर गमावलेल्या घरासाठी लिहिलेला आहे हे मला त्या रात्रीपर्यंत दिसलं नव्हतं. तक्ता मी त्यानंतर वापरला नाही.

आता त्याच उताऱ्यातला एक शब्द जवळून बघू, कारण भावाशी बोलताना तो तुम्हाला लागेल. आपल्या मराठी शास्त्रात आहे की आपण प्रभूला 'सामोरे' होण्यासाठी घेतले जाऊ. मूळ ग्रीक शब्द आहे 'अपांतेसिस'. थेस्सलनीका हे मासेदोनिया प्रांताचं राजधानीचं शहर, मोठ्या रोमी हमरस्त्यावर वसलेलं. असल्या शहरात सम्राट किंवा बडा अधिकारी येणार असला की नागरिक वेशीबाहेर चालत जात, त्याला गाठत आणि मिरवत शहरात आणत. त्या जाण्याला हा शब्द वापरत. नव्या करारात तो आणखी दोन ठिकाणी ठळकपणे येतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात आणि तयार असलेल्या त्याच्याबरोबर लग्नघरात येतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरीस रोममधले बंधू पौलाला सामोरे जातात, आणि त्याच्यासह रोमला परततात.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. आपल्याकडे लग्नात सीमांतपूजन असतं; वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की मुलीकडची मंडळी तिथवर जातात आणि नवऱ्या मुलाला सन्मानाने आत घेतात. पालखी आली की गाव वेशीपर्यंत जातं. सामोरं गेलेला माणूस पाहुण्याबरोबर परगावी निघून जात नाही, तो पाहुण्याला घेऊन गावात येतो. आणि आणखी एक गोष्ट. रोमी शहरांत दफन वेशीबाहेर होई, कबरी रस्त्याच्या दुतर्फा असत. येणाऱ्या राजाला शहराच्या कितीतरी अलीकडे आधी त्या कबरी लागत. 'ख्रिस्तात मेलेले आधी उठतील' हे वाक्य थेस्सलनीकातल्या विधवेने ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला असेल, असं मला वाटतं. शेवगावच्या आईला हे उत्तर मी पंधरा दिवसांनी परत जाऊन दिलं.

दुसऱ्या बाजूचंही नीट सांगितलं पाहिजे. रॅप्चर शिकवणारे अभ्यासक म्हणतात की सामोरं गेल्यावर पुढे कुठे जायचं हे पौलाने लिहिलेलं नाही. हे खरं आहे. ते योहानाच्या चौदाव्या अध्यायाकडे बोट दाखवतात, जिथे येशू म्हणतो की मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो आणि येऊन तुम्हाला आपल्याजवळ घेईन. ते वचन वजनदार आहे. मात्र त्यांचं नेहमीचं दुसरं वचन, 'शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल', ते भावाला मागच्या ओव्यांसकट वाचायला सांगा. मत्तय २४ मध्ये त्याच्या लगेच आधी नोहाचा पूर आहे. पुराने कोणाला नेलं? बुडणाऱ्यांना. मागे कोण राहिलं? नोहा आणि त्याचं घर. त्या चालीने वाचलं तर तिथे 'ठेवला जाणं' ही सुटका ठरते.

आता रॅप्चरची ही मांडणी आली कुठून. जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) हा चर्च ऑफ आयर्लंडचा पाळक. प्रस्थापित मंडळीच्या सरकारी थाटाला विटून तो बाहेर पडला आणि प्लिमथ ब्रदरन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्यांचा पुढारी झाला. १८३० च्या दशकात त्याने सूत्र मांडलं: इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना आहेत; मंडळी आधी गुपचूप उचलली जाईल; मग दानीएलाच्या नवव्या अध्यायातला राहिलेला 'सत्तरावा' आठवडा, म्हणजे सत्तरातला शेवटचा, सात वर्षांच्या संकटाच्या रूपाने पुरा होईल; मग ख्रिस्त उघडपणे येऊन यरुशलेमेतून हजार वर्षं राज्य करील. येण्याचे असे दोन टप्पे पाडणं हे त्याच्याआधी कोणत्याही मोठ्या मंडळीची शिकवण नव्हतं. १९०९ मध्ये स्कोफिल्ड यांच्या टिपांचं बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं आणि ही मांडणी घरोघर गेली. एकाच पानावर वर वचन आणि खाली टीप; वाचता वाचता दोन्हींचा अधिकार मनात एक होऊन जातो. पुढे १४ मे १९४८ ला इस्राएल राष्ट्र उभं राहिलं, १९६७ च्या युद्धात जुनं यरुशलेम त्याच्या ताब्यात आलं, आणि अनेकांना वाटलं की घड्याळाचा काटा डोळ्यांदेखत सरकला. तुमच्या भावाच्या सभेतली निकड तिथून आलेली आहे. ती खोटी नाही, मनापासूनची आहे, हे आधी मान्य करा. नाहीतर तो तुमचं ऐकणार नाही.

हजार वर्षांकडे येतो. प्रकटीकरण २० मध्ये सैतान बांधला जातो, हुतात्मे जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करतात, मग सैतान थोडा वेळ सुटतो, मग शेवटचा न्याय. अख्ख्या बायबलमध्ये हे हजार वर्षांचं राज्य एवढ्या एकाच अध्यायात आहे. ते कसं वाचायचं यावर तीन मोठ्या वाटा फुटल्या.

पहिली वाट सर्वांत जुनी. दुसऱ्या शतकातले पापियास, जस्टिन, इरेनियस हे मानत की ख्रिस्त आधी येईल आणि मग पृथ्वीवर खरोखर हजार वर्षं राज्य करील. पापियासच्या तोंडची एक परंपरा इरेनियसने नोंदवली आहे: त्या काळात एका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या येतील, आणि प्रत्येक घडाला दहा हजार मणी. ही पोटभरल्या माणसांची कल्पना नव्हे. ज्यांची माणसं रोमी आखाड्यात मरत होती त्यांनी म्हटलं की ज्या मातीवर आमचं रक्त सांडलं, त्याच मातीवर देव न्याय करील. तुमच्या भावाची शिकवण या वाटेची नवी शाखा, पण जुन्या वाटेत संकटाआधी निसटून जाणं नव्हतं. संकट सोसूनच पुढे जायचं होतं.

दुसरी वाट उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याची. तोही आधी हजार वर्षं शब्दशः मानायचा, आणि मत बदललं हे त्याने स्वतः लिहून ठेवलं. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं. जग संपलं असं लोकांना वाटत असताना त्याने बावीस खंडांचा ग्रंथ लिहायला घेतला आणि त्याच्या विसाव्या खंडात मांडलं की हजार हा आकडा पूर्णतेचं चित्र आहे. ती हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा, म्हणजे आपण राहतो तो काळ. कॅथलिक मंडळी आजही या वाटेवर आहे. १९४४ मध्ये रोमच्या कॅथलिक पीठाने सांगितलं की ख्रिस्ताच्या पृथ्वीवरच्या दृश्य राज्याची सौम्य शिकवणसुद्धा सुरक्षितपणे देता येणार नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर म्हटलंय की ख्रिस्त येण्याआधी मंडळीलाच शेवटच्या कसोटीतून जावं लागेल. म्हणजे मिस्टरांच्या आणि तुमच्या भावाच्या शिकवणीतला खरा फरक इथे आहे: संकटाच्या वेळी मंडळी कुठे असेल, आत की बाहेर. लूथर आणि कॅल्विन यांच्या परंपरा मोठ्या प्रमाणावर याच वाटेने गेल्या. माझाही कल इकडेच आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी वेगळाच सावधपणा दाखवला; प्रकटीकरण त्यांच्या बायबलमध्ये आहे, पण ग्रीक परंपरेच्या उपासनेतल्या नेमून दिलेल्या पाठांत ते येत नाही.

तिसरी वाट आज कमी लोकांना माहीत आहे, आणि मला ती सांगायचीच आहे, कारण आपण नगरकर तिच्यामुळे घडलो. या मताप्रमाणे सुवार्ता आणि सुधारणा पसरत पसरत जगात चांगुलपणाचा दीर्घ काळ येईल, आणि त्याच्या अखेरीस ख्रिस्त येईल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून निघालेले बरेचसे मिशनरी याच आशेने निघाले. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. त्यांनी आणि सॅम्युएल न्यूएल यांनी मुंबईतून जी पुस्तिका लिहिली, ती १८१८ मध्ये अमेरिकेत छापली गेली. तिच्या नावातच साठ कोटींचा हक्क असा शब्द आहे, कारण सुवार्ता न पोहोचलेल्या माणसांचा त्यांचा अंदाज तेवढा होता. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेत पटकीनेच गेले. त्यांनी जग सुधारलेलं पाहिलं नाही. पण त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या, तोवर मुलींना शिकवत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी नगरमधली फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्यात १८४८ मध्ये शाळा काढली. प्रभूचं राज्य येणार म्हणून या लोकांनी मुलींच्या हातात पाटी दिली. भाचीच्या वडिलांना हे सांगा. पहिल्या महायुद्धानंतर 'जग सुधारत जाईल' हा विश्वास मोडला, तो पुन्हा तसा उभा राहिला नाही. शाळा मात्र राहिल्या.

यावर कोणी म्हणेल की तिसऱ्या वाटेचे लोक काम करतात आणि पहिल्या वाटेचे हातावर हात ठेवून बसतात. तसंही नाही. विदर्भात आणि खानदेशात काम केलेल्या अलायन्स मिशनचा एक मूळ विश्वास 'येणारा राजा ख्रिस्त' हा होता, आणि ते हजार वर्षांआधीचं येणं मानणारे. त्याच लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात अकोल्याकडे अनाथ मुलं सांभाळली. राजा लवकर येणार आहे, म्हणून पोरं उपाशी ठेवायची नाहीत, असा त्यांचा हिशेब. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जो आत्मिक जागर झाला, तसल्या जागरांना त्या काळी अनेकांनी योएल संदेष्ट्याच्या शब्दांत 'वळवाचा पाऊस' म्हटलं, म्हणजे पीक काढणीला येण्याआधीचा शेवटचा पाऊस. पेन्टेकॉस्टल मंडळ्यांतली निकड त्या भाषेतली आहे. तीही रमाबाईंच्या त्या आश्रमात शिवण, शेती, छपाई आणि शाळा थांबवू शकली नाही. बायबलचं मराठी भाषांतर रमाबाई १९२२ मध्ये वारेपर्यंत करत होत्या.

तेव्हा घोटाळा कुठल्या वाटेत नाही. घोटाळा तारखेत आहे. तुमच्या भावाने तारीख सांगितलेली नाही, पण 'दिवस किती उरलेत' म्हणून हप्ते थांबवणं ही न सांगितलेली तारीखच आहे.

तारखेचं काय होतं ते १८४४ मध्ये दिसलं. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढलेला, बायबल ओळीओळीने वाचणारा प्रामाणिक माणूस. दानीएल ८:१४ मध्ये २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असं आहे. मिलरने दिवसाचं वर्ष धरलं, ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजलं आणि १८४३ च्या आसपास पोहोचला. पहिली मुदत मार्च १८४४ मध्ये उलटली. मग त्याच्या चळवळीतल्या सॅम्युएल स्नो याने यहूद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. काही शेतकऱ्यांनी त्या वर्षी शेतात उभं पीक काढलंच नाही, दुकानदारांनी दुकानं बंद केली, लोकांनी एकमेकांची देणी फेडून टाकली. २२ ऑक्टोबरला ते घरांत आणि सभागृहांत जमून वाट बघत बसले. मध्यरात्र झाली. हायरम एडसन नावाच्या शेतकऱ्याने नंतर लिहून ठेवलं की आम्ही पहाट होईपर्यंत रडत राहिलो. मला ही आठवण वाचताना आजही त्या लोकांची कीव नाही, माया वाटते. त्यांनी प्रभूवर जीव टाकला होता. मिलरने तारखेबाबतची चूक उघडपणे मान्य केली, आशा सोडली नाही, आणि १८४९ मध्ये वारला.

त्या निराशेतून जी मंडळी सावरली त्यातून १८६३ मध्ये सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्यात त्यांची शाळा आहे, स्पायसर विद्यापीठ आहे. शनिवार पाळणारी म्हणून तुम्ही त्यांना ओळखत असाल. त्यांच्या मते ती हजार वर्षं संत स्वर्गात घालवतील आणि पृथ्वी तोवर ओसाड असेल. म्हणजे चौथं वाचन. आणि विशेष हे की तारखेने पोळलेली ही मंडळी आता तारीख देत नाही. ती दवाखाने आणि शाळा चालवते. यहोवाचे साक्षीदार वेगळे; ते १९१४ पासून ख्रिस्ताचं अदृश्य राज्य सुरू झालं असं मानतात, पण त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नसल्यामुळे बाकीच्या मंडळ्या त्यांना आपल्यात धरत नाहीत, म्हणून त्यांच्यात इथे शिरत नाही. आपल्या आठवणीतलं म्हणाल तर २०११ मध्ये अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे ही तारीख जाहीर केली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर दिली, आणि पुढच्या वर्षी तारीख काढणं हेच चुकीचं होतं असं कबूल केलं. मार्काच्या तेराव्या अध्यायात येशू सांगतो की तो दिवस दूतांना माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला माहीत आहे. हे वाचूनही माणूस हिशेब मांडतो, कारण वाट बघणं फार कठीण असतं.

भाऊ ६६६ चाही, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या अंकाचा, विषय काढेल, आधार कार्ड, हाताला चिप वगैरे. त्याला एवढं सांगा की इब्री भाषेत अक्षरांना अंकमूल्य असतं, आणि 'नेरोन कैसर' इब्रीत लिहून बेरीज केली तर ६६६ येते. लॅटिन धाटणीने शेवटचं 'न' हे अक्षर गाळून 'नेरो कैसर' लिहिलं तर ६१६ येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे. योहानाच्या सात मंडळ्यांना छळणारं श्वापद कोण हे कळत होतं; त्यांना आपल्या ओळखपत्रांची भविष्यवाणी नको होती. पुढेही असली श्वापदं येतील असं कोणी मानलं तर माझी हरकत नाही. पण मुलाच्या शाळेसाठी लागणारा कागद नाकारायला हे कारण पुरत नाही.

'खरं कोणतं' याचं माझं उत्तर असं: मतांगीकारात आहे ते खरं म्हणून धरा, त्यासाठी मी मरायलाही तयार आहे. हजार वर्षांबाबत मी ऑगस्टीनच्या बाजूचा आहे, पण त्यासाठी मी कोणाशी पंगत मोडणार नाही. माझे काही जवळचे सहकारी पहिल्या वाटेचे होते आणि आम्ही एका टेबलावर प्रभुभोजन दिलं. संकटाआधीचं गुप्त रॅप्चर मला शास्त्रात सापडत नाही. आणि तारीख सांगणारा, किंवा न सांगता तुमच्या घरचे व्यवहार बंद करायला लावणारा, कोणत्याही मंडळीचा असो, चुकतो आहे.

भावाशी बोलताना वाद घालू नका, वाचन करा. रविवारी जेवणानंतर त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा: थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ४:१३ पासून पाचव्या अध्यायाच्या अकराव्या ओवीपर्यंत, मध्ये न थांबता. बहुतेक सभांत चौथ्या अध्यायाच्या शेवटाला थांबतात. पाचव्यात पौल लगेच म्हणतो की काळ आणि समय याविषयी तुम्हाला लिहायची गरज नाही, तो दिवस रात्री चोर येतो तसा येईल, जागे राहा. मग दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय. पहिल्या पत्रानंतर काही महिन्यांतच, बहुधा, कोणीतरी तिथे उठवलं की प्रभूचा दिवस आलाच आहे. पौल सांगतो, घाबरून जाऊ नका. आणि मग त्याच पत्राचा तिसरा अध्याय, जिथे कामधंदा सोडून बसलेल्यांना तो बजावतो की स्वस्थपणे काम करा आणि आपली भाकर खा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं अनेक अभ्यासक मानतात, मीही मानतो. तंबू शिवून पोट भरणारा पौल प्रभूची वाट बघत होता आणि तंबूही शिवत होता.

वाचून झाल्यावर त्याला एकच विचारा: थांबवलेल्या हप्त्यांपैकी एखादा तरी पौलाने थांबवायला सांगितला आहे का? उत्तर त्याला देऊ द्या, तुम्ही देऊ नका. त्याच्या सभेचा पाळक भेटायला तयार असेल तर दोघांनी मिळून भेटा. मी पाहिलेले बहुतेक असे पाळक मुलीचं शिक्षण थांबवा असं म्हणत नाहीत, ऐकणारा स्वतःच तिथवर जातो. विम्याची पॉलिसी बंद पडली असेल तर काही मुदतीत थकलेले हप्ते भरून ती पुन्हा चालू करता येते. शाखेत जाऊन आधी तेवढी मुदत विचारून घ्या.

भाचीच्या अर्जाला मात्र रविवारची वाट बघू नका. प्रवेशाच्या फेऱ्यांना ठरलेल्या तारखा असतात आणि त्या खऱ्या असतात. भावजय बरोबर असेल तर तिला आणि मुलीला घेऊन याच आठवड्यात तो भरा.